चार जग आणि एक

"नऊ," फिल्टरवाला म्हणाला आणि पाण्यातले क्षार मोजायचा मीटर त्याने पाणीसाहेबांच्या डोळ्यांसमोर धरला. "मशीन ठणठणीत आहे साहेब."

"पुन्हा बघा."

"तीनदा बघितलं."

"मग चौथ्यांदा बघा. कुठेतरी घोळ आहे. त्याशिवाय मासा मरत नाही."

फिल्टरवाल्याने ग्लास रिकामा केला, नळीखाली पुन्हा भरला आणि मीटरचं टोक त्यात बुडवलं. आकडा थोडा नाचला आणि स्थिर झाला. नऊ. अर्धा तास तो ओट्याखाली गुडघ्यांवर होता. तिन्ही नळकांडी उघडून, पुसून त्याने परत बसवली होती, कार्बन बदलला होता, क्षार अडवणारी गाळणी, मेम्ब्रेन, उजेडात धरून पाहिली होती. त्याच्या विजारीचे गुडघे ओले झाले होते.

"मासे म्हातारे झाले असतील," तो म्हणाला.

"म्हातारपणाने एखादा जाईल. महिन्याभरात दोन जातात आणि तिसरा कलंडून पोहतो, ते म्हातारपण नव्हे. ते पाणी."

पाण्याच्या बाबतीत पाणीसाहेबांशी वाद घालायची त्या इमारतीत कोणाची टाप नव्हती. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. सकाळी सातला नमुन्याच्या बाटल्या, दुपारपर्यंत तपासणी, चार वाजता तक्ता, आणि तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात 'पिण्यास योग्य' लिहून खाली सही. साहेब ते कधीच नव्हते. तपासनीस म्हणून लागले आणि वरिष्ठ तपासनीस म्हणून निवृत्त झाले. पण नळाला जरा गढूळ पाणी आलं की शेजारीपाजारी त्यांचंच दार वाजवायचे, त्यातून हे नाव पडलं आणि चिकटलं. त्यांच्या बायकोला मात्र कोणी पाणीबाई म्हणायचं नाही. तिला सगळे माशांवाल्या काकू म्हणायचे.

मासे आले ते मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेल्यावर. घर फार शांत झालं होतं. मुलीच्या रिकाम्या खोलीत काचेची दोनशे लिटरची टाकी आली आणि त्यात डिस्कस जातीचे पाच मासे आले. गोल, चपटे, बशीएवढे. पाणीसाहेब त्यांना बशाच म्हणायचे. "तुझ्या बशा जेवल्या का?" असं विचारायचे, आणि ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

पहिले पाच दोन महिन्यांत मेले. ती माशांच्या दुकानात जाऊन आली आणि पर्स खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "दुकानदार म्हणतो, इथलं नळाचं पाणी या माशांना जड पडतं. क्षार फार आहेत."

पाणीसाहेबांनी कपाटातून त्या महिन्याचा तक्ता काढून तिच्यापुढे ठेवला. "बघ. सगळं मर्यादेत आहे."

"आहे हो मर्यादेत," ती म्हणाली. "पण त्यांना कुठे वाचता येतं?"

आठवड्याभराने ओट्याखाली आरओचं मशीन बसलं. क्षार गाळून टाकणारं, एक लिटर गाळताना तीन लिटर मोरीत सोडणारं मशीन. स्वतःच्या शिलकीतून तिने ते आणलं आणि माशांसाठी आणलं. पाणीसाहेबांना मात्र ते तोंडात मारल्यासारखं झालं. ज्या पाण्याखाली आपली सही असते ते पाणी आपल्याच घरात माशांनासुद्धा चालत नाही, हे त्यांनी मनाला लावून घेतलं. अकरा वर्षांत त्या मशीनच्या पाण्याचा घोटही त्यांनी घेतला नाही. पाहुण्यांना ती मशीनचं पाणी द्यायची. पाणीसाहेब उठून, सगळ्यांच्या देखत, नळाखाली पेला धरायचे.

नवे मासे तीन आले आणि जगले. त्यांना तिने थोरली, मधली आणि धाकटी अशी नावं ठेवली. त्यांतला नर कोण आणि मादी कोण हे तिलाही शेवटपर्यंत कळलं नव्हतं.

हे सगळं सहा महिन्यांपूर्वीपर्यंतचं. मग ती आजारी पडली, आणि आजार ओळखेपर्यंत उशीर झाला होता. रुग्णालयात एका दुपारी तिला जरा बरं वाटत होतं. उशीला टेकून बसत ती म्हणाली, "माशांच्या पाण्याचं तेवढं सांगून ठेवते. दर शनिवारी—"

"चौतीस वर्षं पाणी तपासलंय मी," पाणीसाहेब म्हणाले. "आता पाण्याचं तू मला शिकवणार?"

ते चेष्टेनेच बोलले होते. तीही हसली. "बरं बाई. तुम्हाला ठाऊकच असणार," असं म्हणून तिने डोळे मिटले. मग संत्री सोलून झाली, औषधं झाली, भेटीची वेळ संपली. चौथ्या दिवशी ती गेली. त्याला आता पाच महिने झाले होते.

त्या तीन माशांना जगवायचं, एवढंच त्यानंतर पाणीसाहेबांच्या हातात राहिलं होतं. ते कोणाजवळ बोलले नाहीत, पण मनाशी त्यांनी ठरवून टाकलं होतं की ज्या पाण्याचा आपण अकरा वर्षं राग केला तेच पाणी आता तिच्या माशांना द्यायचं. तिचं पाणी. नळाचा थेंब लागू द्यायचा नाही. दर शनिवारी ते टाकीतलं चाळीस लिटर पाणी नळीने काढून टाकत आणि तितकंच मशीनचं पाणी भरत. मुलीने आणून दिलेला मीटर होता. टाकीतल्या क्षारांचा आकडा पहिल्या आठवड्यात एकशे आठ होता. तो नव्वदवर आला, सत्तरवर आला, चाळीसवर आला. दर शनिवारी ते आकडा कागदावर मांडत आणि तो कागद टाकीच्या काचेला चिकटवत. आकडा वीसवर आला त्या रात्री त्यांना पुष्कळ दिवसांनी स्वस्थ झोप लागली.

त्याच आठवड्यात धाकटीने खाणं सोडलं. ती काळी पडली, कोपऱ्यात जाऊन उभी राहिली आणि एका सकाळी तळाशी आडवी दिसली. तीन आठवड्यांनी मधली गेली. आता थोरली एका अंगावर कलली होती आणि तिचे कल्ले भरभर हलत होते.

"मी जरा टाकी बघू का?" फिल्टरवाल्याने विचारलं.

मुलीच्या खोलीत पडदा अर्धा ओढलेला होता. टाकीतलं पाणी इतकं नितळ होतं की मागच्या भिंतीवरचा खिळा स्पष्ट दिसत होता. फिल्टरवाला वाकून थोरलीकडे बघत राहिला, मग सरळ होऊन त्याने बाल्कनीच्या दाराकडे नजर टाकली.

"काकूंची निळी बादली कुठंय?"

"कसली बादली?"

"इथे दारामागे असायची. नळाच्या पाण्याने भरलेली. वर जुनी ओढणी टाकलेली."

बादली पाणीसाहेबांना चांगली आठवत होती. तिच्यावरून किती तरी वेळा बोलाचाली झाली होती. साठवलेलं पाणी उघड्यावर ठेवू नकोस, डास होतात, घरातच रोगराईला आमंत्रण कशाला, असं ते म्हणायचे आणि ती ओढणी घट्ट करायची. ती गेल्यावर आठव्या दिवशी मुलीने आणि त्यांनी घर आवरायला घेतलं, तेव्हा सगळ्यात आधी त्यांनी ते पाणी मोरीत ओतलं आणि बादली जिने पुसणाऱ्या बाईला देऊन टाकली.

"झाडांना घालत असेल," ते म्हणाले.

"झाडांना नाही साहेब. टाकीला." फिल्टरवाल्याने हात पुसले. "मी एकदा सर्व्हिसला आलो होतो, शनिवारच होता. काकू पाणी भरत होत्या. चार जग मशीनचे, मग एक जग त्या बादलीतला. पुन्हा चार, पुन्हा एक. मी म्हटलं, काकू, घरात एवढं मशीन असताना नळाचं कशाला? तर म्हणाल्या, नुसतं मशीनचं पाणी म्हणजे कोरं पाणी, त्यात माशाला धरायला काही नसतं. आणि म्हणाल्या, आमच्या यांच्या पाण्यात सगळंच जरा जास्त, त्यांच्यासारखंच, पण पाचात एक जग असला की बरोबर बसतं."

तो हसला. समोरचा माणूस हसत नाही हे पाहून थांबला.

पाणीसाहेब टाकीकडे बघत होते. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. पाण्यातले क्षार सगळे काढून घेतले की पाण्याचा तोल जातो, मासे त्यात श्वास घेतात, घाण करतात आणि पाणी हळूहळू आंबट होत जातं, त्याला आवरणारं त्यात काही उरलेलं नसतं. केंद्रावर नव्याने लागलेल्या पोरांना हे त्यांनी दर वर्षी फळ्यावर लिहून दाखवलं होतं. टाकीतली आम्लता त्यांनी पाच महिन्यांत एकदाही तपासली नव्हती. शुद्ध पाण्याची काय तपासायची?

कपाटाच्या खालच्या खणात निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी दिलेली तपासणीची छोटी पेटी होती. ती अजून उघडलेलीही नव्हती. त्यांनी काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेतलं आणि बाटलीतले चार थेंब टाकले. नळी हलवली. हिरवा यायला हवा होता, निदान पिवळा. आला तो नारिंगी, लालाकडे झुकणारा.

"वाईट आहे का?" फिल्टरवाल्याने विचारलं.

"मशीन ठणठणीत आहे," पाणीसाहेब म्हणाले. "तुम्ही म्हणालात तेच खरं."

फिल्टरवाला गेल्यावर ते जिन्याने खाली उतरले. जिनेवाली पहिल्या मजल्यावर फरशी पुसत होती. निळी बादली तिच्या शेजारीच होती, अर्धी फेसाने भरलेली.

"बादली जरा परत हवी होती," ते म्हणाले. "नवी आणून देतो तुम्हाला."

"न्या की. तुमचीच आहे." तिने उठून कमरेवर हात ठेवला. "कशाला पाहिजे?"

"माशांचं पाणी ठेवायला."

"मग ही नका नेऊ साहेब. पाच महिने साबणाचं पाणी आहे हिच्यात. धुतली तरी साबण हिच्या अंगातून जायचा नाही. काकूंनी कधी साबणाचा हातसुद्धा लावू दिला नव्हता. मी एकदा घासायला घेतली तर हातातून काढून घेतली, म्हणाल्या, ही आमच्या पोरींची आहे."

पाणीसाहेबांनी मान हलवली आणि ते रिकाम्या हाताने वर आले.

स्वयंपाकघरातलं सगळ्यात मोठं पातेलं त्यांनी नळाखाली भरलं आणि बाल्कनीच्या दारामागे, बादलीच्या जागी ठेवलं. आता वाट बघण्याखेरीज काही करता येत नव्हतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन होता. तो शहराच्या शेवटच्या नळापर्यंत पोचलाच पाहिजे म्हणून चौतीस वर्षं ते अभियंत्यांशी भांडले होते. माशाच्या कल्ल्यांना तो जाळतो. पाणी उकळलं तर क्लोरीन जातो, पण हवे असलेले क्षारही तळाला बसतात. म्हणजे पाणी उघडं ठेवायचं आणि थांबायचं, एवढंच. टाकीतला हवेचा छोटा पंप होता, त्याची जोडनळी त्यांनी पातेल्यात सोडली, जेणेकरून काम लवकर होईल. दर तासाला ते पेटीतल्या दुसऱ्या बाटलीने क्लोरीन तपासत होते. नळीतला पिवळा रंग तासातासाने फिका होत होता. थोरली काचेला टेकून उभी होती.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. शनिवारी यायचाच.

"बाबा, जेवलात का? थोरली कशी आहे?"

"आहे." ते जरा थांबले. "तुला आईने बादलीचं काही सांगितलं होतं?"

"कुठली? नळाच्या पाण्याची? हो की." ती हसली. "म्हणायची, तुझ्या बाबांना बोलू नकोस. त्यांचं पाणी घातल्याशिवाय मासे जगत नाहीत हे कळलं तर माझ्या डोक्यावर बसतील."

"मग नंतर तरी सांगायचंस मला."

पलीकडे तिने मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवलं.

"बाबा, मला वाटलं, तुम्हाला माहीत असणार. पाण्याचं तुम्हाला कोण सांगणार?"

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मुलं काय करतात?" आणि मुलांचं ऐकत राहिले.

रविवारी सकाळी आठला नळीतलं पाणी पूर्ण बिनरंगी झालं. पाणी एकदम बदललं तरी मासा दगावतो, हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी चहाचा कप घेतला. दर अर्ध्या तासाला एक कप, काचेच्या कडेने, धार न पाडता. पहिला कप आठला, दुसरा साडेआठला. नऊच्या कपानंतर थोरली काचेपासून सुटली आणि दोन विती पुढे आली. पाणीसाहेब खुर्ची ओढून टाकीजवळ बसले. साडेनऊ. दहा. ती हलत होती, पण कल्ल्यांचा वेग कमी झाला होता, आणि हे चांगलं की वाईट ते त्यांना ठरवता येईना. नारिंगी रंग मात्र पिवळ्यावर आला होता. तिच्या खाण्याची डबी उघडून त्यांनी दोन दाणे टाकले. दाणे तिच्या तोंडाशेजारून खाली गेले.

साडेअकराचा कप ओतताना ती तळाशी टेकली होती. बाराच्या कपाच्या वेळी तिचे कल्ले हलत नव्हते. त्यांनी कप हातात धरून पाच मिनिटं वाट पाहिली. मग तो कपही टाकीत ओतला, कारण तो भरलेला होता.

सोमवारी दुपारी फिल्टरवाला आला. बोलावलेलं नव्हतं. हातात प्लास्टिकची छोटी पिशवी होती.

"क्षारांची पूड आहे साहेब. माशांच्या दुकानातून आणली. म्हणे, कोऱ्या पाण्यात चिमूटभर टाकली की काम होतं, बादलीबिदलीची भानगड नको." तो बोलत बोलत खोलीत गेला आणि टाकीसमोर थांबला.

दिवा चालू होता. पंप चालू होता. पाण्यात बुडबुडे वर चढत होते आणि फुटत होते. काचेवर आकड्यांचा कागद तसाच होता, आणि त्यावर तळाला नवा आकडा होता, एकशे चार. थोरली गेल्यावरही पाणीसाहेब रात्रीपर्यंत टाकीत नळाचं पाणी घालत राहिले होते.

"काल गेली," पाणीसाहेब म्हणाले.

फिल्टरवाल्याने पिशवी टेबलावर ठेवली, मग उचलली, मग परत ठेवली. "मी मागच्या खेपेलाच विचारायला हवं होतं बादलीचं. दोन महिन्यांपूर्वी आलो होतो ना, तेव्हा. मशीन बघितलं आणि गेलो. टाकी बघितलीच नाही."

"तुमचं काम मशीन बघायचं होतं."

"मशीन काढून नेऊ का आता? अडचण नको."

"राहू दे." पाणीसाहेब स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर स्टीलचा जग होता, त्याच्या पोटावर नखांच्या रंगाने ओढलेली लाल रेघ होती. ती कशासाठी आहे हे त्यांनी पाच महिन्यांत स्वतःला विचारलं नव्हतं. मशीनचं आणि पातेल्यातलं नळाचं पाणी त्यांनी आधीच मोजून मिसळून ठेवलं होतं, चाराला एक. त्यांनी दोन पेले भरले, एक त्याला दिला आणि एक स्वतःसाठी ठेवला. फिल्टरवाला इतक्या वर्षांत प्रथमच त्यांना मशीनचं पाणी पिताना बघत होता.

"तुम्हाला घाई आहे?" पाणीसाहेबांनी विचारलं.

"पुढच्या गल्लीत एक काम आहे. दहा मिनिटं आहेत."

"बसा मग. त्या शनिवारी काकू काय म्हणाल्या, ते पहिल्यापासून सांगा."

"सांगितलं की साहेब परवा."

"परवा मी नीट ऐकलं नाही. पुन्हा सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

फिल्टरवाला खुर्चीच्या कडेवर बसला. पेला दोन्ही हातांत धरून त्याने आठवायला घेतलं. काकूंनी पदर कमरेला खोचला होता. हातात हाच जग होता. आधी म्हणाल्या, बूट बाहेर काढ रे बाबा, फरशी ओली आहे, पडशील. मग म्हणाल्या, बघ, शिकून ठेव, कोणी विचारलं तर सांगता येईल. शुक्रवारी दुपारी बादली भरायची. ओढणी सैल टाकायची, हवा लागली पाहिजे. रात्रभर ठेवलं की नळाच्या पाण्यातलं औषध उडून जातं.

औषध नव्हे, वायू. आणि रात्रभर पुरत नाही, पूर्ण दिवस लागतो. पाणीसाहेबांनी पेला ओठांना लावला आणि एक घोट घेतला.

"हां," फिल्टरवाला म्हणाला, "आणि मग चार जग मशीनचे."

पाणीसाहेबांनी मान हलवली. तो सांगत राहिला.